‘सामायिक नेतृत्व’ आणि रुग्णालयातील मराठी

आरोग्यव्यवस्थापनाच्या वाङ्मयात अलीकडे ‘सामायिक नेतृत्व’ हा शब्दप्रयोग वारंवार आढळतो. उपचाराची सूत्रे एकाच वैद्याच्या हाती न ठेवता, ज्या क्षणी ज्याला अधिक कळते त्याने त्या क्षणी संघाला दिशा द्यावी व इतरांनी ती मानावी, असा त्याचा आशय आहे. आशय विचारार्ह आहे; परंतु त्यासाठी योजलेला शब्द त्याला उपकारक आहे काय, हे तपासून पाहणे अगत्याचे आहे. ‘नेता’ हा शब्द ‘नी’ ह्या धातूपासून आला. नेणारा एक आणि त्याच्यामागून जाणारे अनेक, असेच चित्र तो उभे करतो. ‘सामायिक’ हे विशेषण तर मराठीत भिंतीला, विहिरीला आणि जमिनीला लागते. आणि सामायिक विहिरीवर कोणाचा हक्क किती, ह्याचे तंटे पिढ्यान्‌पिढ्या चालतात! उलट, ‘पुढाकार’ हा रोजच्या वापरातला शब्द पाहावा. पुढाकार ‘घेतला’ जातो, ‘भूषविला’ जात नाही. काम संपले की तो संपतो. तो घेण्यास हुद्दा लागत नाही. ज्याला सामायिक नेतृत्व म्हटले जाते ते वस्तुतः पुढाकाराचे तत्त्व होय.

हे तत्त्व आपल्या परंपरेला अगदीच अपरिचित आहे असे नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील नवव्या अध्यायात चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत: वैद्य, औषधद्रव्य, परिचारक आणि रोगी. त्यांत प्राधान्य वैद्यालाच दिले आहे, हे खरे. तथापि परिचारकाच्या गुणांमध्ये पहिला गणला आहे तो उपचाराचे ज्ञान हा. सांगितले तसे करण्याचा गुण तेथे रोग्याचा मानला आहे, परिचारकाचा नव्हे. हा भेद पुढील काळात पुसट झाला, आणि परिचर्या म्हणजे आज्ञापालन असा समज रूढ झाला.

ठाणे महानगरपालिकेचे कळवा येथील छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, कल्याणचे रुक्मिणीबाई किंवा डोंबिवलीचे शास्त्रीनगर रुग्णालय, ह्यांसारख्या ठिकाणी कानांवर पडणारी संबोधने ह्या दृष्टीने लक्षणीय आहेत. शासकीय पदनामांत अधिपरिचारिका, परिसेविका, अधिसेविका, कक्षसेवक अशी संस्कृतप्रचुर श्रेणी आहे. कक्षात मात्र ह्यांतला एकही शब्द तोंडी येत नाही. तेथे डॉक्टर म्हणजे ‘सर’ वा ‘मॅडम’, परिचारिका म्हणजे ‘सिस्टर’, आणि खालच्या श्रेणीतील सेवक म्हणजे ‘मावशी’ व ‘मामा’. ब्राउन आणि गिलमन ह्यांनी १९६० मध्ये सर्वनामांची चर्चा करताना सत्ता आणि आत्मीयता असे दोन अक्ष मांडले होते. ‘मावशी’ ह्या हाकेत हे दोन्ही अक्ष एकमेकांत असे गुंतले आहेत की आत्मीयतेच्या पांघरुणाखाली सत्ता दिसेनाशी होते. मावशीला ‘तुम्ही’ म्हटले जाते, तिला मान मिळतो. पण तो वडीलधाऱ्या बाईचा मान असतो, जाणकार सहकाऱ्याचा नव्हे. मुरबाड-शहापूरकडून आलेली एखादी वृद्धा ‘जीव घाबरा होतो’ असे सांगते, तेव्हा तिला भीती वाटते की श्वास लागतो की छातीत काही होते, हे तरुण शिकाऊ डॉक्टरला उमगेलच असे नाही. तिच्याच मुलखातील मावशीला ते उमगू शकते. त्या क्षणापुरता पुढाकार मावशीचा असावयास हवा. मात्र ‘मावशी’ ह्या नात्यात रोगाविषयी मत देण्याची सोय नाही.

संबोधनाहून अधिक खोल अडचण व्याकरणात आहे. पाळी बदलताना एका परिचारिकेने दुसरीला द्यावयाची माहिती भूतकाळात असते, आणि मराठीत सकर्मक क्रियापदाचा भूतकाळ कर्त्याशी जुळत नाही. ‘औषध देते’ ह्यात देणारी स्त्री आहे हे क्रियापदच सांगते. ‘औषध दिले’ ह्यात क्रियापद औषधाच्या लिंगवचनाप्रमाणे चालते, आणि कर्ता गाळला तर त्याची खूणही मागे उरत नाही. ‘डॉक्टरांना कळवले आहे’ हे वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे. पण कोणी कळवले, आणि कोणत्या डॉक्टरांना? ‘डॉक्टरांना’ हे आदरार्थी अनेकवचन एका डॉक्टरचे की अनेकांचे, हेही त्यातून ठरत नाही. ‘तपासणी राहून गेली’ ह्यात तर तपासणीच कर्ता बनते. भाषेने दिलेल्या ह्या मोकळिकीचा दोष बोलणाऱ्यावर नाही. पण जेथे जबाबदारी वाटून घ्यावयाची आहे तेथे ती कोणाची हे उच्चारावेच लागते. ‘मी नऊ वाजता दिले’ असे म्हणण्यात अहंकार नाही. ज्या संघात कर्ता बोलला जात नाही, तेथे पुढाकार सर्वांचा आहे असे म्हणणे आणि कोणाचाच नाही असे म्हणणे ह्यांत फारसा फरक राहत नाही.

दुसरा प्रश्न वरिष्ठाला थांबविण्याचा. शार्लट लिंड ह्या भाषाशास्त्रज्ञ विदुषीने १९८८ मध्ये विमानातील वैमानिकांच्या संभाषणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सौम्य, आडवळणी शब्दांत केलेली सूचना मान्य होण्याची शक्यता कमी असते, असे तिला आढळले. शस्त्रक्रियागृहातील ‘सर, जरा बघता का’ हे वाक्य ह्याच जातीचे. पण मराठीत खरोखर एवढे आडवळण आवश्यक आहे काय? ‘सर, थांबा’ ह्या दोन शब्दांत आज्ञा स्पष्ट आहे आणि आदर प्रत्ययातच आहे. त्याहून उपयुक्त रूप म्हणजे ‘आपण थांबू या’. ऐकणाऱ्याला सामावून घेणारे ‘आपण’ आणि त्याला वगळणारे ‘आम्ही’ असा भेद मराठीत आहे. इंग्रजीत तो नाही. संघाने मिळून निर्णय घ्यावा असे ज्यांना वाटते, त्यांच्या हाती हे आयते साधन आहे, आणि त्याच्याकडे दुर्लक्ष करून ते परभाषेतील संज्ञांची भाषांतरे करीत बसतात.

जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये प्रसृत केलेल्या शस्त्रक्रिया-सुरक्षा तपासयादीत छेद घेण्यापूर्वी प्रत्येकाने आपले नाव आणि काम मोठ्याने सांगावे, अशी अपेक्षा आहे. ह्या यादीच्या सिद्धतेत पुढाकार होता तो डॉ. अतुल गवांदे ह्यांचा; त्यांचे वडील मूळचे यवतमाळ जिल्ह्यातील उटी गावचे. दिल्लीसह आठ शहरांतील रुग्णालयांत ती वापरल्यावर मृत्यूचे प्रमाण शेकडा १.५ वरून ०.८ वर आले, असा निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे २०१४ मध्ये कॅनडातील आँटेरिओ प्रांतातील १०१ रुग्णालयांच्या पाहणीत मात्र तसा लक्षणीय फरक दिसला नाही. ह्या विसंगतीची कारणे अनेक दिली जातात. भाषेच्या अंगाने पाहता एक कारण विशेष संभवनीय वाटते: कागदावर खूण करणे आणि नाव उच्चारणे ह्या भिन्न क्रिया आहेत. ‘सिस्टर’ आणि ‘मामा’ ह्यांना नावाने ओळखण्याची सवयच नसेल, तर यादीतील तो रकाना भरला जाईल आणि गृहातील शांतता तशीच राहील.

येथे एक मर्यादा सांगितली पाहिजे. ऑगस्ट २०२३ मध्ये कळव्याच्या रुग्णालयात चोवीस तासांत १८ रुग्ण दगावले आणि शासनाला चौकशी समिती नेमावी लागली. अशा घटनेचा उलगडा संबोधनांत किंवा प्रयोगविचारात शोधणे हा पोरकटपणा होईल. खाटा किती, माणसे किती आणि रुग्ण किती, हे प्रश्न आधीचे आहेत. संघभावनेची व्याख्याने रिक्त पदे भरण्याच्या ऐवजी दिली जाऊ लागली, तर ‘सामायिक नेतृत्व’ हा केवळ ओझे वाटून देण्याचा सुसंस्कृत मार्ग ठरेल, आणि ते ओझे खालच्या श्रेणीकडेच घरंगळत येईल.

ह्या संदर्भात ‘आशा’ ह्या कार्यकर्तीचे उदाहरण बोलके आहे. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून २००५ पासून निर्माण झालेल्या ह्या पदाला मराठीत ‘आशा स्वयंसेविका’ म्हटले जाते. तिला वेतन नव्हे, मोबदला मिळतो. ठाणे-कल्याणच्या वस्त्यांतून गरोदर स्त्रीला रुग्णालयापर्यंत आणणारी, तिच्या घरची परिस्थिती आणि मागील बाळंतपणाची हकीकत जाणणारी व्यक्ती पुष्कळदा हीच. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातील आशांचा गौरव केला, आणि त्या पुरस्काराच्या नावातच जागतिक आरोग्याचे ‘नेते’ असा शब्द होता. जिला जिनिव्हात नेता म्हटले गेले, ती प्रसूतिकक्षाच्या दारात ‘पेशंटबरोबर आलेली बाई’ असते. आतील संघाला तिच्याकडून काय विचारून घ्यावयाचे होते, हे बहुधा दार लागल्यानंतर आठवते.