कलाशाळेची पायरी

बदनापूरसारख्या गावच्या पालकाने चित्रकार होऊ पाहणाऱ्या मुलास मुंबईच्या कलाशाळेत धाडावे काय? 'नको' म्हणणारे बाबूराव पेंटरांकडे बोट दाखवितात. कलाशाळेची पायरी न चढता ते नामांकित चित्रकार झाले, १९२० साली त्यांनी 'सैरंध्री' हा मूकपट काढिला, हे खरे. परंतु कोल्हापुरातील पित्याची कारागिरी व चुलतबंधू आनंदरावांचा सहवास हीच त्यांची शाळा होती. त्याच कोल्हापूरचे धुरंधर १८९० साली मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये दाखल झाले व पुढे तेथेच अध्यापक झाले. सारांश, चूक दाखविणारा जाणता डोळा दोघांसही लाभला. तो घरी वा गावी नसेल, तर कलाशाळेचा खर्च व्यर्थ नव्हे, असे आम्हांस वाटते. मात्र केवळ प्रमाणपत्रासाठी तो करू नये. प्रमाणपत्राने कुंचला चालत नाही.