इंग्रजीच्या तासातील मौन आणि प्रभूंची कार्याधारित पद्धती : एक समीक्षा

एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात दक्षिण भारतातील शाळांत केलेला प्रयोग ‘सेकंड लँग्वेज पेडॅगॉजी’ (१९८७) या ग्रंथात मांडला आहे. वेळापत्रक, नकाशा यांवरील प्रश्न सोडविताना लक्ष अर्थावर केंद्रित झाले, की भाषेची रचना नकळत रुजते, हे त्यांचे सूत्र होय.

जालना जिल्ह्यातील मराठी माध्यमातून आलेल्या पदवी वर्गास हे सूत्र विशेष उपयुक्त ठरते. ‘परतूरहून परभणीस दुपारपूर्वी पोहोचण्यासाठी कोणती गाडी घ्यावी?’ या प्रश्नास विद्यार्थ्याजवळ सांगण्यासारखे उत्तर असते. ‘स्वतःविषयी पाच वाक्ये बोला’ या आज्ञेत त्याला केवळ चुकण्याचे भय दिसते.

तथापि प्रभूंनी गटकार्यास दिलेला नकार ही या पद्धतीची मर्यादा वाटते. विद्यार्थी एकमेकांच्या चुका उचलतील, ही त्यांची शंका रास्त आहे. परंतु संपूर्ण वर्गासमोर बोलणे ज्यास अशक्य वाटते, त्याने प्रथम शेजाऱ्याशी बोलून उत्तर निश्चित करावे व नंतर ते वर्गात मांडावे, हा मध्यम मार्ग शिक्षकास खुला आहे. चुका पुढे सुधारता येतात. मौन मात्र पदवीपर्यंत टिकले, तर नोकरीच्या मुलाखतीतही ते विद्यार्थ्याची पाठ सोडत नाही.