निबर हेरकथा आणि पुराव्याची कसोटी

पोंपेई येथें इ. स. १९३८ मध्यें एक भारतीय हस्तिदंती स्त्रीमूर्ति सांपडली. पुढें भोकरदन, म्हणजे सांची व भारहुत येथील लेखांतलें भोगवर्धन, येथें १९७३ च्या उत्खननांत तिच्याशीं साम्य असलेली मूर्ति मिळाली. तेव्हां पोंपेईची मूर्ति याच बाजूनें गेली असावी हा तर्क बळावला. तथापि तिच्या तळाशीं खरोष्ठी अक्षर आहे, आणि ती लिपि वायव्येकडील. स्थलाभिमान एकीकडे ओढतो, अक्षर दुसरीकडे. अशा वेळीं कोणती वृत्ति धरावी हें अमेरिकेंतील निबर हेरकथा चांगलें दाखविते. म्हणून येथें तिचा विचार अप्रस्तुत होणार नाहीं.

निबरपणा म्हणजे पिस्तुल, मद्य व शिवराळ भाषा नव्हे. बाबूराव अर्नाळकरांनीं हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. त्यांचे झुंजार व काळापहाड धाडसांत कोणास हार जाणारे नव्हेत. परंतु ते वीरकथेचे नायक होत. डॅशिएल हॅमेट हा स्वतः पिंकर्टन संस्थेंत हेर होता. त्याच्या ‘रेड हार्व्हेस्ट’ (१९२९) मधील नायक बिननांवाचा पगारी नोकर आहे. खाणींच्या त्या नगरांत पोलीस व गुंड एकमेकांत मिसळलेले आहेत. खुनी कळला तरी नगर शुद्ध होत नाहीं. सत्य सांपडणें आणि जग सुधारणें या दोन गोष्टी निराळ्या, ही जाणीव निबर कथेचें पहिलें लक्षण होय.

धर्मविषयक कथांत हा भेद अधिक स्पष्ट होतो. चेस्टर्टनचा फादर ब्राऊन (पहिला संग्रह १९११) पाप ओळखतो तें पाप्यास तारण्यासाठीं. हॅमेटच्या ‘डेन कर्स’ (१९२९) मध्यें एक नवा पंथ भक्तांस दृष्टान्त घडवितो. हेर धर्मचर्चा न करतां तो धूर येतो कोठून एवढेंच शोधतो. कुलशापाचेंही मूळ शेवटीं माणसांतच निघतें. योगायोगांची गर्दी हा या कादंबरीचा दोष खरा. पण तिची दृष्टि निर्दोष आहे.

संग्राहकांनीं ‘माल्टीज फाल्कन’ (१९३०) अवश्य वाचावी. माल्टाच्या सरदारांनीं बादशहास प्रतिवर्षीं ससाणा द्यावा, हा करार ऐतिहासिक आहे. त्यावर हॅमेटनें रत्नजडित पक्ष्याची कल्पित कथा रचली. गटमन त्या पक्ष्याची वंशावळ ग्रंथांच्या आधारें सांगतो, आणि ती ऐकावीशी वाटते. अखेर चाकूनें मुलामा खरवडतांच आंत शिसें निघतें. वंशावळ कितीही सुसंगत असली तरी ती हातांतल्या वस्तूची साक्ष नव्हे! उलट स्पेड, जिच्यावर मन गुंतलें तिलाच पुराव्यावरून पोलिसांच्या हवालीं करतो.

हेंच दुसरें, व आम्हांस महत्त्वाचें लक्षण: पुरावा आपल्या प्रेमाविरुद्ध गेला तरी तो दडपूं नये. भोकरदनच्या मूर्तीचें मोल पोंपेईच्या नात्यावर अवलंबून नाहीं. तें नातें सांगूं इच्छिणारानें साम्याबरोबर खरोष्ठी अक्षरही त्याच पानावर नोंदवावें.