राजा बुडाला, वेठ राहिली

गोंदिया जिल्ह्यातील आमगावजवळचे पदमपूर म्हणजेच वाकाटकांचे पद्मपूर, असे वा. वि. मिराशी यांनी प्रतिपादन केले. त्यांचा 'वाकाटक नृपति आणि त्यांचा काल' हा ग्रंथ मी विद्यार्थ्यांना आवर्जून वाचायला सांगतो. ताम्रपट वाचण्याची त्यांची शिस्त आपणही शिकली पाहिजे. माझा आक्षेप दृष्टीविषयी आहे. केंद्रस्थानी नृपती आहेत, हे ग्रंथाचे नावच सांगते.

दुसरा प्रवरसेन हा दुसऱ्या चंद्रगुप्ताच्या मुलीचा, प्रभावतीगुप्तेचा मुलगा. पाचव्या शतकातला हा वैभवशाली राजा. अमरावती जिल्ह्यातील चम्मकच्या ताम्रपटानुसार त्याने ८००० भूमी एवढ्या मापाचे गाव १००० ब्राह्मणांना दिले. पुढे नळ राजा भवदत्तवर्म्याने वाकाटकांची राजधानी नंदिवर्धन घेतली. मग राजधानी पद्मपूरला आली, असे मिराशींचे अनुमान. तिथून निघालेला, दुर्ग येथे मिळालेला ताम्रपट अपुराच राहिला. दुसऱ्या पृथ्वीषेणाने बुडालेला वंश दोनदा सावरला, असे बालाघाटचा ताम्रपट म्हणतो. त्याच्यानंतर मात्र ही शाखा लयाला गेली.

आता चम्मकचा ताम्रपट पुन्हा वाचू. दान मिळालेल्या ब्राह्मणांची गोत्रांसह नावे त्यात आहेत. या गावाने गुरे, दूध, फुले, कातडे, कोळसा देऊ नये, मीठ खणू देऊ नये, 'विष्टी' म्हणजे वेठही माफ, असे त्यात म्हटले आहे. आपल्याकडे हे राजाचे औदार्य म्हणून शिकवले जाते. पण एका गावाला माफी द्यावी लागते, याचा अर्थ इतर गावे हे सारे देत होती. राजाची संपत्ती इथून आली! शिवाय राजाने सोडलेली वेठ नव्या धन्यांनी घेतली की नाही, यावर ताम्रपट गप्प आहे. कातडे कमावणाऱ्याचे, कोळसा पाडणाऱ्याचे नाव त्यात कुठेच नाही. तो आमचाच पूर्वज होता, असा दावा मी करणार नाही. तसा पुरावा नाही. परंतु त्याचे श्रम मात्र त्याच ताम्रपटावर कोरलेले आहेत.

माझे आजोबा पोरवयात मालगुजाराच्या वाड्यावर बेगारीला जात. मालगुजारी १९५० च्या कायद्याने संपली. वाकाटक त्याआधी चौदाशे वर्षे संपले होते. घरातला पहिला पदवीधर म्हणून मी जेव्हा 'वाकाटकांचा उदय आणि अस्त' शिकवतो, तेव्हा फळ्यावर तिसरा प्रश्न लिहितो : अस्त झाला तो कोणाचा?