शशी गोडबोलेचा वर्ग

गौरी शिंदे यांचा 'इंग्लिश विंग्लिश' २०१२ साली आला तेव्हा आमच्या घरी तो दोनदा पाहिला गेला. गेल्या हिवाळ्यात आपल्या मंडळाच्या चित्रपट-संध्येला तो पुन्हा दाखवला. नंतर साबुदाणा वडा आणि चहा घेताना चर्चा नेहमीचीच झाली. १९९७ च्या 'जुदाई'नंतर श्रीदेवीने किती ताकदीने पुनरागमन केलं, नवरा बायकोला कसा गृहीत धरतो, आपली मुलंही आपल्या उच्चारांना अशीच हसतात. सगळं खरं आहे. पण या वेळी माझं लक्ष नायिकेपेक्षा तिच्या वर्गातल्या इतर माणसांकडे जास्त गेलं.

कथा आपल्या सर्वांना माहीत आहे. पुण्याची शशी गोडबोले लाडू करून विकते. इंग्रजी येत नाही म्हणून नवरा आणि मुलगी तिची चेष्टा करतात. भाचीच्या लग्नासाठी ती न्यूयॉर्कला येते आणि कोणाला न सांगता, लाडवांच्या कमाईतून फी भरून, चार आठवड्यांच्या इंग्रजीच्या वर्गाला जाऊ लागते. वर्गात तिच्याबरोबर पाकिस्तानचा टॅक्सीचालक सलमान, आपला दाक्षिणात्य सॉफ्टवेअर इंजिनिअर राममूर्ती, मेक्सिकोची मुलं सांभाळणारी एव्हा, केशभूषा करणारी चिनी यू सन, आफ्रिकी-कॅरिबियन उडुंबके आणि फ्रेंच आचारी लॉरेंट आहेत. धर्म, भाषा, खाणंपिणं यांतलं काहीच जुळत नाही, तरी चार आठवड्यांत ही माणसं एकमेकांची होतात.

कशी होतात? चित्रपटाचं मोठेपण मला या उत्तरात दिसतं. इथे कोणी सहिष्णुतेवर भाषण ठोकत नाही. मैत्री होते, कारण त्या खोलीत सगळे सारखेच अडाणी आहेत. बाहेर कोणाची काय पत असेल ती असो, आत सगळ्यांची वाक्यं सारखीच मोडकी. डेव्हिड सर शशीला 'आंत्रप्रन्योर' म्हणतात, तो शब्द घोळवत ती रस्त्याने जाते, तेव्हा तिचा आनंद त्या वर्गातल्या कोणालाही समजावून सांगावा लागला नसता. शेवटी लग्नात ती मीरा आणि केव्हिनला जे सांगते, त्याचं सारही हेच आहे: लग्न म्हणजे दोन बरोबरीच्या माणसांची मैत्री. हे ती घरात शिकलेली नाही, वर्गात शिकलेली आहे.

डेव्हिड सरांचा प्रसंगही असाच. ते समलिंगी आहेत, त्यांचं प्रेम तुटलं आहे, आणि वर्गात हसणं-कुजबुजणं चालू होतं. शशी जे बोलते त्याचा आशय साधा आहे. आपल्याला ते वेगळे वाटतात, तसे आपणही त्यांना वेगळे वाटत असू. दुःख मात्र सगळ्यांचं सारखंच. पुण्याच्या मध्यमवर्गीय घरातल्या बाईच्या तोंडी हे विचार कुठेही उपरे वाटत नाहीत, याचं श्रेय लेखिका-दिग्दर्शिकेला आणि श्रीदेवीलाही.

मात्र दोन ठिकाणी चित्रपटाने सोपी वाट धरली आहे असं मला वाटतं. पहिलं म्हणजे, लॉरेंट सोडला तर बाकीच्यांच्या वाट्याला प्रामुख्याने विनोद आले आहेत. लॉरेंट फ्रेंचमध्ये आणि शशी हिंदीत बोलते, शब्द कळत नाहीत तरी संवाद होतो, तो प्रसंग अप्रतिम आहे. पण सलमान आणि राममूर्ती, एक पाकिस्तानी आणि एक भारतीय, एका वर्गात बसतात, आणि त्यांच्यात अवघड म्हणावं असं काही घडतच नाही. खरी मैत्री कधीतरी अवघड विषयाला अडखळते, मग पुढे जाते. ते अडखळणं इथे नाही.

दुसरं मला जास्त महत्त्वाचं वाटतं. हे सगळे मित्र शेवटी लग्नाला येतात, पण त्यांना बोलावते कोण? शशी नाही, तिची भाची राधा. शशीसाठी वर्ग हे एक जग आणि घर हे दुसरं. या दोन जगांमधलं दार उघडायचं काम नव्या पिढीच्या मुलीवर सोपवलं आहे. चित्रपटात ते गोड दिसतं. मला मात्र ते आपलंच चित्र वाटलं, आणि बरं वाटलं नाही.

एम.एस. करायला आलो तेव्हा लाहोरचा एक मुलगा माझ्या शेजारच्या अपार्टमेंटमध्ये राहायचा. आम्ही दोघं मिळून ग्रोसरीला जायचो, कारण दोघांनाही डब्यांवरची लेबलं वाचायची असत. त्याला डुकराचं काही चालत नसे, मला कुठलंच मांस. रिफ्राइड बीन्समध्ये लार्ड म्हणजे डुकराची चरबी असू शकते, जेलीतलं जिलेटिन जनावराचं असतं, हे शोध आम्ही एकत्र लावले. एकाने डबा उचलायचा, दुसऱ्याने बारीक अक्षरं वाचायची. तो आमचा शशी गोडबोलेचा वर्ग होता. कारगिलच्या वेळी, १९९९ च्या उन्हाळ्यात, आम्ही दोन आठवडे एकमेकांशी बोललो नाही. मग एका संध्याकाळी तो नेहमीसारखा पिशवी घेऊन दारात उभा राहिला आणि आम्ही दुकानात गेलो. युद्धाबद्दल आम्ही पुढेही कधी बोललो नाही.

पुढे नोकरी लागली, लग्न झालं, घर घेतलं. वास्तुशांतीच्या यादीत त्याचं नाव नव्हतं. भांडण झालं नव्हतं. पूजा आहे, आपलीच मंडळी असतील, त्याला अवघडल्यासारखं होईल, असं मी स्वतःला सांगितलं. त्याला विचारलं मात्र नाही. खरं तर अवघडणार होतो मी.

मागच्या वर्षी लेकीने वाढदिवसाला एका मुस्लिम मैत्रिणीला बोलावलं आणि जिलेटिन नसलेली जेली हवी म्हणून तिच्या आईला तीन दुकानं फिरायला लावलं. मी हे पाहत होतो. बारीक अक्षरं वाचायची विद्या पुढच्या पिढीत पोचली होती, पण मी दिलेली नव्हती. घरात राधा होती म्हणून काम झालं.

मंडळी, 'इंग्लिश विंग्लिश' पुन्हा जरूर पाहा, 'नवराई माझी' लागलं की पायही थिरकू द्या. पण त्या लग्नाच्या मांडवात वर्गातली मंडळी येतात तेव्हा एवढंच मनाशी विचारा: आपल्या घरच्या कार्याला अशी किती माणसं आली, आणि त्यांना आपण बोलावलं की मुलांनी? आपण या देशात इंग्रजी घेऊनच आलो, म्हणून शशीचा वर्ग आपल्याला फार लवकर सुटला. तो पुन्हा भरवायचा असेल तर निमंत्रण आपल्यालाच द्यावं लागेल.

त्या लाहोरच्या मित्राचा नंबर मी जुन्या वर्गमित्राकडून मिळवला आहे. फोन अजून केलेला नाही. पण आता हे स्मरणिकेत छापून येणार, तेव्हा दिवाळीच्या आधी तो करावाच लागेल.