सत्तावीस वर्षे : बालकवी, ब्रूक आणि रोझेनबर्ग

त्र्यंबक बापूजी ठोमरे ऊर्फ बालकवी यांचा जन्म १३ ऑगस्ट १८९० चा. ५ मे १९१८ रोजी जळगावनजीक भादली स्थानकावर आगगाडीखाली सापडून त्यांचा अंत झाला. त्यांच्याच जन्मवर्षी नोव्हेंबरात जन्मलेला इंग्रज कवी आयझॅक रोझेनबर्ग त्यापूर्वी अवघे चौतीस दिवस, १ एप्रिल १९१८ रोजी, फ्रान्समधील रणभूमीवर पडला होता. रूपर्ट ब्रूक गॅलिपोलीच्या वाटेवर, स्कायरॉस बेटानजीक, २३ एप्रिल १९१५ रोजी रक्तदोषाने वारला. तिघांचीही पूर्ण झालेली वर्षे सत्तावीस.

या योगायोगावरून ‘अल्पायुषी प्रतिभावंत’ असा एक वर्ग कल्पून तिघांना त्यात बसविणे सोपे आहे. परंतु त्याने वाङ्मयाविषयी काय कळते, हा प्रश्न उरतोच. कीट्स पंचविशीत, सव्वीसही पूर्ण न होता गेला. तेवढेच आयुष्य या कवींना लाभले असते तर? ब्रूक ‘ग्रँटचेस्टर’चा खेळकर कवी म्हणून उरला असता, १९१४ ची युद्धसुनीते अस्तित्वातच आली नसती. रोझेनबर्ग तर जवळजवळ नामशेष झाला असता, कारण तो खंदकांत पोहोचला तो १९१६ च्या उन्हाळ्यात, आणि त्याची खरी कविता तेथली आहे. म्हणजे एकाच वयाच्या आत दोन निराळी काव्यजीवने सामावलेली आहेत. मृत्यूचे वय हे काव्याच्या वयाचे माप नव्हे.

बालकवींच्या बाबतीत गोंधळ अधिक सूक्ष्म आहे. १९०७ च्या जळगाव येथील कविसंमेलनात सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला जे नाव मिळाले, ते विवाहित, संसारी पुरुषाच्या माथी अखेरपर्यंत राहिले. कौतुकाने दिलेली पदवी कधी कधी बेडी ठरते, ती अशी. या बालपणात अकालमृत्यूची भर पडली, आणि ‘फुलराणी’चा निरागस आनंद व पुढे दाटत गेलेले औदासीन्य असा सोयीचा आलेख तयार झाला. ‘पारवा’ किंवा ‘शून्य मनाचा घुमट’ उदास आहे, म्हणून ती उत्तरकालीन. आणि उत्तरकालीन आहे, म्हणून ती मृत्यूची चाहूल: हे तर्कशास्त्रातले शुद्ध चक्रक होय. रचनाकाल नियतकालिकांतील प्रथम प्रकाशनावरून व हस्तलिखितांवरून ठरवावा लागतो; कवितेच्या स्वरावरून तो ठरत नाही. आनंद आणि खिन्नता एकाच मनात एकाच महिन्यात नांदू शकतात, हे सामान्य अनुभवाचे आहे. कवीलाच तो का नाकारावा?

‘औदुंबर’ या आठ ओळींच्या कवितेवर तर या अंताचे ओझे सर्वांत जास्त पडले आहे. झरा, चार घरांचे गाव, शेतमळ्यांची हिरवळ, पायवाट, मग डोहाचे काळे पाणी, अशी दृष्टी पायरीपायरीने उतरते आणि पाण्याशी विसावलेल्या वृक्षावर थांबते. डोहाचा काळा रंग मृत्यूचा मानणाऱ्या वाचकाने कवीने त्या काळिम्याला दिलेले विशेषण पुन्हा पाहावे. ते माधुर्याचे आहे. कवी सत्तर वर्षे जगता, तर याच वृक्षात आपण निवांतपणा वाचला असता. भादलीचे रूळ त्या चित्रात नाहीत. ते आपण नेऊन ठेवले आहेत.