उपनिरीक्षकापाशी थांबलेले सत्य

‘सौम्य लाठीमार करण्यात आला’ हे वाक्य वर्तमानपत्रांत आपण इतक्या वेळा वाचले आहे की आता ते खटकतही नाही. लाठी सौम्य कशी असते, हा पहिला प्रश्न. ती चालवायला कोणी सांगितले, हा दुसरा; आणि त्याचे उत्तर वाक्याच्या रचनेतच गाळलेले असते.

कायद्याने मात्र ते गाळलेले नाही. १९७३च्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १२९ आणि १ जुलै २०२४पासून त्याच्या जागी आलेले भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १४८, दोन्ही एकच क्रम सांगतात. आधी जमावाला पांगण्याचा हुकूम. तो मोडला तर बळ. हुकूम देणारा कार्यकारी दंडाधिकारी किंवा ठाण्याचा प्रभारी अधिकारी असावा. प्रभारी नसेल तर निदान उपनिरीक्षक. शिपायाला हा अधिकारच नाही. म्हणून प्रत्येक लाठीमागे एक नाव असायलाच हवे.

२३ नोव्हेंबर १९९४ रोजी नागपूरच्या अधिवेशनावर गोवारी समाजाचा मोर्चा गेला. आमचे मालेगाव तेव्हा अकोला जिल्ह्यात होते. वऱ्हाडात त्या दिवसाची ओळख करून द्यावी लागत नाही. लाठीमारानंतरच्या चेंगराचेंगरीत ११४ जीव गेले; त्यांत बायका-मुलेच अधिक. लाठी हे गर्दी हलवण्याचे साधन आहे. हलायला वाट नसेल तर तेच साधन बंदुकीइतके मारक ठरते. वाट मोकळी आहे की नाही, हे काठी उगारणारा शिपाई ठरवत नाही. बंदोबस्त आखणारा ठरवतो.

११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात राज्य राखीव पोलीस दलाच्या गोळीबारात १० जण मेले. जमाव गॅसचे टँकर पेटवणार होता, हे समर्थन गुंडेवार आयोगाने मान्य केले नाही. २००९ साली सत्र न्यायालयाने एका अधिकाऱ्याला जन्मठेप ठोठावली. तो उपनिरीक्षक होता, म्हणजे कायद्याने हुकमाचा अधिकार दिलेल्यांतली सर्वांत खालची पायरी.

इथे मला श्री. दा. पानवलकरांची ‘सूर्य’ ही कथा आणि तिच्यावरून विजय तेंडुलकरांनी पटकथा लिहिलेला, गोविंद निहलानींचा ‘अर्धसत्य’ (१९८३) आठवतो. त्यातला अनंत वेलणकरही उपनिरीक्षकच. समीक्षकांनी त्याचा कोंडमारा, त्याचा हवालदार बाप आणि रामा शेट्टी यांवर भरपूर लिहिले. माझे लक्ष मात्र इन्स्पेक्टर हैदर अलीवर खिळते. वेलणकर अडचणीत येतो तेव्हा हा वरिष्ठ दिल्लीपर्यंतची ओळख वापरून त्याला सोडवतो. मायेने सोडवतो, आणि तिथेच चुकतो. पुढे वेलणकरच्या मारहाणीत एक भुरटा चोर कोठडीत मरतो. तेव्हाही हैदर अलीला चौकशीची वाट सुचत नाही. आता रामा शेट्टीच वाचवू शकेल, एवढेच तो सांगतो.

माझ्या मते कोठडीतल्या त्या मृत्यूची सुरुवात पहिल्या सुटकेपासून होते. हाताखालच्या माणसाला आवरणे हे वरिष्ठाचे काम. इथे वरिष्ठ त्याला फक्त निभावून नेतो. चित्रपटाने हे दाखवले, पण त्याचा जाब विचारला नाही. वेलणकरच्या मनाचा तळ गाठणारा कॅमेरा हैदर अलीला एक समजूतदार मित्र म्हणून सोडून देतो. प्रेक्षकही सोडतो, कारण असा सांभाळून घेणारा साहेब आपल्याला चांगला वाटतो.

सत्र न्यायालयाचा निकाल आणि आपला एक श्रेष्ठ चित्रपट, दोन्ही उपनिरीक्षकापाशी येऊन थांबावेत, हा मला योगायोग वाटत नाही. वरच्या खुर्चीचे नाव न घेण्याची सवय आपल्या भाषेलाच आहे. ती मोडायला सोपी सुरुवात आहे : बातमीतल्या ‘करण्यात आला’च्या आधी ‘कोणाच्या हुकमाने’ एवढे दोन शब्द लिहिणे.